पॅन स्टेशन ज्ञान-नोंद प्रकल्प : मे ते डिसेंबर २०२५

१२ मे

कार्यकारी संचालकांनी आज टिपणीवर सही केली आणि प्रकल्प अधिकृतपणे सुरू झाला. आमच्या साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये पॅन स्टेशनवर, म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा तयार करणाऱ्या मोठ्या भांड्यांपाशी, तीस-पस्तीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसांना जे कळते, ते त्यांच्या निवृत्तीनंतरही कारखान्यात राहिले पाहिजे, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. ज्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो, ते आमचे सर्वांत ज्येष्ठ पॅनमन येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत आणि त्यांच्यामागे वर्षभरात दुसऱ्या पाळीचे पॅनमनही जातील. उत्पादन विभागातर्फे काम माझ्याकडे आहे. संगणकाची बाजू ईडीपी विभागातल्या ताई पाहणार आहेत.

याची निकड आम्हाला दोन हंगामांपूर्वी कळली. त्याआधी काही वर्षे बी-हेवी मळीपासून (दुसऱ्या उकळीनंतरच्या, बरीच साखर उरलेल्या मळीपासून) इथेनॉल होत असल्यामुळे आमच्याकडे सी मॅसेक्विट (तिसऱ्या, शेवटच्या उकळीतले दाणे आणि मळी यांचे मिश्रण) उकळण्याचे काम जवळजवळ थांबले होते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरण्यास मनाई केली, आठवडाभराने ती सैल करून रस व बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली आणि भर हंगामात आम्हाला सी पॅन पुन्हा चालू करावा लागला. पॅन तोच होता, व्हॉल्व्ह तेच होते, कार्यपद्धतीची छापील पुस्तिका केमिस्टच्या कपाटात होती. परंतु मधल्या काळात रुजू झालेल्या एकाही पॅनमनने सी कधी उकळलेला नव्हता. पहिल्या तीन पॅनमध्ये बारीक खोटा दाणा पडला, तो सेंट्रिफ्युगल मशीनच्या जाळीतून मळीत गेला आणि अंतिम मळीची प्युरिटी, म्हणजे तिच्यात उरलेल्या साखरेचे प्रमाण, वरच राहिली. शेवटी अण्णा सलग अकरा दिवस रोज दोन पाळ्या थांबले, तेव्हा घडी बसली.

मळीत गेलेली साखर उताऱ्यातून (उसापासून मिळणाऱ्या साखरेच्या टक्केवारीतून) वजा होते आणि उताऱ्यावर सभासदाच्या उसाचा दर ठरतो. गेल्या महिन्याच्या ३० तारखेलाच केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर जाहीर केला आहे. अण्णांच्या हातातले कसब हरवले, तर त्याचा हिशेब कोणाच्या बिलात उतरेल, हे टिपणीच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते.

१९ मे

पॅनमध्ये नेमके काय घडते ते ताईंना कळावे म्हणून आज रिकाम्या पॅनच्या काचेसमोर उभे राहून दोन तास बोललो. इव्हॅपोरेटरमधून आलेले सुमारे ६० ब्रिक्सचे (शंभर भागांत साठ भाग विरघळलेले घन पदार्थ असलेले) सिरप पॅनमध्ये निर्वाताखाली उकळते; निर्वात असल्यामुळे ते साठ-सत्तर अंश सेल्सिअसलाच उकळते आणि साखर करपत नाही. पाणी उडत जाते तसा पाक घट्ट होतो. घट्टपणाचा एक अरुंद पट्टा असा असतो, की त्यात साखर आधीपासून असलेल्या दाण्यावर बसत जाते आणि दाणा वाढतो. त्याच्या खाली गेले तर दाणा विरघळू लागतो. वर गेले तर नवे बारीक दाणे आपोआप पडतात, त्यालाच आम्ही खोटा दाणा म्हणतो. पॅनमनचे सगळे कौशल्य त्या पट्ट्यात पॅन धरून ठेवण्यात आहे. ए, म्हणजे पहिल्या उकळीचा, पॅन दोन-तीन तासांत उतरतो. सी पॅनला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, त्यातला माल जास्त चिकट असतो, प्युरिटी कमी असते आणि चूक दिसेपर्यंत ती सुधारण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

ताईंनी ऐकता ऐकता वहीत तक्ता काढला आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर भरायच्या अर्जाचा पहिला आराखडा तयार झाला : तापमान, निर्वात, वाफेचा दाब, ब्रिक्स, स्लरी (दाणा सुरू करण्यासाठी सोडायचे बारीक साखरेचे मिश्रण) सोडण्याची वेळ, पाणी देण्याची वेळ, असे एकूण ९२ रकाने. पुढच्या आठवड्यात अण्णांकडून ते भरून घ्यायचे ठरले.

२ जून

अर्ज चालला नाही. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि हंगामी कामगार शेतात अडकले. रिटेन्शन अलाऊन्सवर (बिगरहंगामातल्या भत्त्यावर) घरी असलेल्या माणसाला प्रकल्पासाठी हक्काने बोलावताही येत नाही. त्यामुळे बैठकीला अण्णा एकटेच आले. ताई विचारीत होत्या आणि अण्णा मनापासून उत्तरे देत होते. निर्वात किती? “सव्वीस इंच.” वाफ किती? तेही आकड्यात सांगितले. परंतु “स्लरी कधी सोडायची?” या रकान्यापाशी आल्यावर ते थांबले, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर ठेवून बोटे हळूहळू विलग केली, मोकळ्या हवेत न दिसणारी तार ओढली आणि म्हणाले, “इतकी झाली की.”

९२ रकान्यांपैकी ५७ भरले. ते ५७ आमच्या पुस्तिकेत आधीपासून होतेच. उरलेल्या ३५ रकान्यांत जे यायला हवे होते, ते अण्णांनी हाताने दाखवले आणि आमच्या अर्जात हातासाठी जागा नव्हती.

३ जून

काल लिहिलेले पुन्हा वाचले. माणसाला जेवढे सांगता येते त्यापेक्षा जास्त कळत असते, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्ये मांडले आणि ज्ञान-व्यवस्थापनावर बोलणारे लोक तेव्हापासून त्याचा आधार घेत आले आहेत. कालपर्यंत मला ते केवळ मान्य होते; काल ते अण्णांच्या बोटांत दिसले. चूक आमच्या क्रमात झाली. आम्ही साधन आधी ठरवले, आणि माणसाने त्या साधनाच्या आकारात बसावे अशी अपेक्षा ठेवली.

अण्णांना जाताना विचारले, की ही तार तुम्हाला कोणी शिकवली. त्यांचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहायचे आणि मग काहील उतरवायची, हे ते आठव्या वर्षापासून पाहत होते. कारखान्यात ते ज्यांच्या हाताखाली लागले, त्या पॅनमनला त्यांनी तीन हंगाम फक्त पाणी, दिवा आणि काच आणून दिली. चौथ्या हंगामात त्यांनी पहिली तार स्वतः ओढली.

आमच्याकडे तीन हंगाम नाहीत. प्रश्न असा, की संगणकाच्या मदतीने हा काळ कमी होईल का, आणि होणार असेल तर त्याचा नेमका कोणता भाग.

२७ जून

पॅनमन मंडळींचा स्वतःचा व्हॉट्सॲप गट आहे, हे मला आज कळले. आम्ही नवी प्रणाली आखत बसलो होतो, तेव्हा ही मंडळी आपल्या परीने चार वर्षे हेच काम करीत होती. प्रूफ स्टिकने काढलेला नमुना काचपट्टीवर पसरून दिव्यासमोर धरलेले शेकडो फोटो त्यात आहेत. खाली प्रश्न : “दाणा सारखा वाटतो का?” आणि त्याखाली पाच मिनिटांत कोणाचे तरी उत्तर : “कोपऱ्यात धूळ आहे, पाणी दे, दहा मिनिटांनी परत टाक.”

ताईंनी परवानगी घेऊन मागचे संदेश वाचले. गट चालतो, कारण विचारणाऱ्याला माहीत असते की समोर कोण आहे, तो किती पॅन उतरवून बसला आहे आणि तो चिडणार नाही. गटाची अडचण अशी, की त्यातले काहीच शोधता येत नाही. एकच गोष्ट एक जण ‘धूळ’ लिहितो, दुसरा ‘फॉल्स’, तिसरा नुसता फोटो टाकतो. फोन बदलला की मागचे सगळे जाते. आणि निवृत्त झालेला माणूस काही महिन्यांनी आपणहून गट सोडतो.

आयटी सल्लागारांनी गट बंद करून सर्वांना नव्या प्रणालीवर आणण्याचे सुचवले होते. मी त्याला लेखी विरोध नोंदवला. जिथे माणसे आपणहून एकमेकांना सांगतात ती जागा मोडून तिच्या बदल्यात कपाट देऊ नये. गट राहील. त्यातले टिकाऊ काय ते निवडून बाहेर ठेवण्याचे काम आपण करू.

१५ जुलै

आजची बैठक अवघड होती आणि तिची नोंद मी काळजीपूर्वक करतो.

दुसऱ्या पाळीचे पॅनमन पहिल्यापासून कमी बोलत होते. आज चहाच्या वेळी त्यांनी सरळ विचारले, “साहेब, सगळं तुमच्या मशिनीत घातल्यावर आमची गरज काय?” त्यांच्या माहितीतल्या एका कारखान्यात पॅनवर स्वयंचलित यंत्रणा बसल्यावर पुढच्या हंगामात पॅनमनची एक जागा भरलीच गेली नव्हती. या भीतीला आमच्या टिपणीत एक ओळही नव्हती. ज्ञान वाटून घ्या असे सांगणारी संस्था, ते वाटणाऱ्या माणसाचे पुढे काय होणार याविषयी गप्प राहिली, तर माणूसही गप्प राहतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

कार्यकारी संचालकांकडे लगेच गेलो. तासाभराच्या चर्चेनंतर दोन गोष्टी लेखी मिळाल्या. प्रकल्पाच्या कारणाने पॅन स्टेशनवरील एकही जागा कमी होणार नाही. आणि निवृत्त पॅनमनना पुढचे दोन हंगाम मानधनावर मार्गदर्शक म्हणून बोलावले जाईल.

तिसरी गोष्ट आम्हीच ठरवली. झेरॉक्स कंपनीत १९९० च्या दशकात दुरुस्ती तंत्रज्ञांसाठी ‘युरेका’ नावाची प्रणाली झाली. त्याच्या आधी ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्या तंत्रज्ञांसोबत फिरून पाहिले होते, की ते अवघड यंत्रे पुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या हकिगतींच्या आधाराने दुरुस्त करतात. युरेकामध्ये तंत्रज्ञ स्वतः युक्ती लिहीत, इतर तंत्रज्ञ ती तपासत आणि युक्तीसोबत तिच्या कर्त्याचे नाव राही. बक्षिसाच्या रकमेपेक्षा त्यांना त्या नावाचे मोल अधिक वाटले. आमच्या प्रत्येक नोंदीवरही सांगणाऱ्याचे नाव राहील आणि ती दुसऱ्या दोन पॅनमननी वाचून मान्य केल्याशिवाय कायम होणार नाही. केमिस्टने ती मान्य करायची नाही, मीही नाही.

हे ऐकल्यावर दुसऱ्या पाळीचे पॅनमन म्हणाले, “मग माझं पहिलं नोंदवा,” आणि बी पॅन घट्ट झाल्यावर पाणी कोठून आणि किती वेळ द्यायचे ते सलग वीस मिनिटे सांगत राहिले.

४ ऑगस्ट

ताईंनी आज जे दाखवले ते आमच्यापैकी कोणाच्याही अनुभवात नव्हते. मागच्या हंगामाच्या पॅन बुकातल्या हस्तलिखित नोंदी त्यांनी दोन महिने खपून संगणकात भरल्या आणि नियंत्रण कक्षात साठलेल्या निर्वाताच्या आलेखाशेजारी मांडल्या. खोटा दाणा पडल्याच्या ज्या वेळा पॅनमननी लिहिल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळांच्या आधी पाव-अर्ध्या तासात शेजारचा दुसरा पॅन चालू केला गेला होता. नवा पॅन निर्वाताला जोडला, की सामाईक यंत्रणेवर भार येतो आणि चालू पॅनचे निर्वात थोडे घसरते; तापमान चढते; मग निर्वात पुन्हा सावरताना पाक एकदम थंड होतो, पट्ट्याच्या वर जातो आणि बारीक दाणा पडतो.

प्रत्येक पॅनमन आपापल्या पॅनची काच पाहतो. दोन पॅनमधला हा संबंध कोणा एकाच्या डोळ्यांसमोर कधी एकत्र आलाच नव्हता. अण्णांनी आलेख बराच वेळ पाहिला, बोट ठेवून तारखा विचारल्या आणि म्हणाले, की पॅन जोडताना व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा हे ते जाणून होते, पण शेजारच्याला आधी हाक मारायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

यंत्राकडे काय सोपवायचे, हे मला या एका दुपारी स्पष्ट झाले. जे पसरलेले आहे, रात्रंदिवस मोजावे लागते आणि एका माणसाच्या नजरेत मावत नाही, ते त्याने पाहावे.

२० ऑगस्ट

नोंदीचा नमुना कायम झाला. एक पान, सहा प्रश्न. काय दिसले? हाताला, कानाला, नाकाला काय जाणवले? त्या वेळी इतर पॅनवर काय चालू होते? काय केले? काय झाले? आणि शेवटचा : हे कोणाला विचारावे?

सहावा प्रश्न ताईंचा. त्यांचे म्हणणे असे, की नोंद कितीही चांगली असली तरी ती वाचून पॅन उतरवणारा माणूस नसतो. नोंद वाचून योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारणारा मात्र तयार होऊ शकतो. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी दोन नावे आणि त्यांचे अंतर्गत क्रमांक राहतील. मला हा या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो.

भाषेवर तीन बैठका गेल्या. शोध लागावा म्हणून एका गोष्टीची सगळी नावे एकत्र बांधायची होती : खोटा दाणा, फॉल्स ग्रेन, धूळ, बारीक. सल्लागारांच्या आराखड्यातली इंग्रजी शीर्षके काढली आणि पॅनवर बोलतात तीच ठेवली : दाणा बसला, पॅन घट्ट, पॅन हलका, पाणी दिले, पॅन सोडला.

गुणवत्ता विभागाने आठवण करून दिली, की आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेच्या ज्ञानाविषयी ७.१.६ हे स्वतंत्र कलम आहे आणि या नोंदी लेखापरीक्षणात दाखवता येतील. दाखवाव्यात, परंतु लेखापरीक्षकासाठी म्हणून एकही नोंद लिहिली जाऊ नये, असे मी त्यांना सांगितले आहे.

साखर तंत्रज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आणि कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत मिळते आणि आमचे केमिस्ट तेथूनच शिकून आले आहेत. ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. आमचा तीन नंबरचा पॅन ईशान्येच्या बाजूला उशिरा का उकळतो, एवढेच आम्ही लिहायचे आहे.

९ सप्टेंबर

पॅन फ्लोअरवर टॅब्लेट बसवण्याचा बेत रद्द. हाताला मॅसेक्विट लागलेला असताना पडदा बोटाला दाद देत नाही आणि पाच मिनिटांत त्यावर साखरेचा थर चढतो. पॅनमनने पाळी संपताना बोलायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि पाळीच्या केमिस्टने तासाभरात लिहून त्यालाच वाचून दाखवायचे, असे ठरले. वाचून दाखवण्याची अट अण्णांनी घातली.

६ ऑक्टोबर

दसऱ्याला बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बरीच राने अजून ओली आहेत; तोडणी सुरळीत सुरू होईल की नाही याची शेतकी विभागाला चिंता आहे.

उरलेल्या निधीचा निर्णय आज झाला. सल्लागारांचा प्रस्ताव पॅनच्या काचेवर कॅमेरे बसवून दाण्याची प्रतिमा आपोआप ओळखण्याचा होता. तंत्र चांगले आहे आणि पुढे कधीतरी ते यावे असे मलाही वाटते. परंतु यंदा त्याऐवजी सी पॅनवर पहिले ४५ दिवस प्रत्येक पाळीत दोन माणसे ठेवावीत, एक जाणता आणि एक शिकाऊ, असे मी सुचवले. वित्त विभागाने विचारले, की दुसऱ्या माणसाच्या आठ तासांतून कारखान्याला काय मिळणार. मी जपानचे उदाहरण दिले. १९८५ च्या सुमारास मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव-यंत्रात कणीक नीट मळली जात नव्हती. क्ष-किरणांनी कणीक तपासूनही कारण सापडेना. तेव्हा इकुको तानाका या त्यांच्या सॉफ्टवेअर अभियंत्याने ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी केली आणि तो कणीक ओढताना तिला पीळ देतो हे त्यांना दिसले. तो पीळ नंतर यंत्रात उतरला. आधी माणूस माणसाजवळ उभा राहिला, मग यंत्राला काय शिकवायचे ते कळले.

प्रस्ताव ४५ ऐवजी ३० दिवसांसाठी मंजूर झाला.

३ नोव्हेंबर

गव्हाणीत मोळी पडली, गाळप सुरू झाले. सी पॅनसाठी पुरेशी बी मळी साठायला अजून काही दिवस आहेत.

१५ नोव्हेंबर

आज सी पॅन. शिकाऊ पॅनमन २६ वर्षांचा आहे. डिप्लोमा झालेला, मन लावून काम करणारा. अण्णा त्याच्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे उभे होते. मी आणि ताई जिन्याजवळ होतो.

पॅन घट्ट होत आला तसे त्याने प्रूफ स्टिक फिरवून थेंब काढला, अंगठ्यावर घेतला, तर्जनी टेकवून बोटे विलग केली. तार बोटभर झाली आणि तुटली. त्याने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी त्याचाच हात धरला, त्याच थेंबावर स्वतःची तर्जनी टेकवली आणि त्याच्या अंगठ्यावरून तार ओढली, जेणेकरून ताण दोघांनाही एकाच वेळी जाणवावा. “तुटली नाही, तू तोडलीस. सावकाश. आता बघ, तुटायच्या आधी ती पांढरी होते.” दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी मुलगा स्वतःहून म्हणाला, “आता झाली,” आणि अण्णांनी मान हलवल्यावर त्याने स्लरीचा व्हॉल्व्ह उघडला.

नियंत्रण कक्षातल्या कंडक्टिव्हिटी मीटरचा त्या क्षणीचा आकडा ताईंनी लिहून घेतला. तो आकडा आता त्या नोंदीत आहे, पण त्याखाली अण्णांच्या सांगण्यावरून एक ओळ घातली : नदीकाठच्या क्षारपड रानातला ऊस जास्त आला, तर आकडा वेगळा दिसेल, तारेवर जा. हे शास्त्रालाही धरून आहे, कारण पाकातले क्षार वाढले की विद्युतवाहकता वाढते आणि मीटर घट्टपणा कमी दाखवू लागतो. अण्णांना वाहकतेचा सिद्धान्त ठाऊक नाही. कोणत्या गावचा ऊस चालू आहे ते मात्र ठाऊक असते, कारण कामावर येताना ते गाडी यार्डातून चालत येतात.

दाणा एकसारखा आला. ‘तुटायच्या आधी पांढरी होते’ हे वाक्य मे महिन्यापासूनच्या कोणत्याही बैठकीत आले नव्हते. ते पाकाचा थेंब आणि समोर चुकणारा हात असताना आले.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस दाणा लांबट येत होता. सगळे मीटर नेहमीच्या मर्यादेत होते. अण्णांनी काच दिव्याकडे धरली आणि म्हणाले, “हा पॅनचा दोष नव्हे. ऊस शिळा आहे.” तोडलेला ऊस उशिरा गाळपाला आला, की त्यात जिवाणू वाढून डेक्स्ट्रान तयार होते, पाक चिकट होतो आणि साखरेचा स्फटिक एकाच अक्षावर लांबत जातो, प्रयोगशाळेत तपासणी केल्यावर तेच निघाले. ओल्या रानांत गाड्या रुतत होत्या आणि काही फडांतला ऊस तोडणीनंतर तिसऱ्या दिवशी काट्यावर येत होता.

पूर्वी हे पॅनमनने केमिस्टला सांगितले असते आणि बहुधा तेथेच राहिले असते. या वेळी नोंद त्याच दुपारी शेतकी अधिकाऱ्यांपर्यंत गेली, कारण ‘कोणाला विचारावे’ या रकान्यात पाळीच्या केमिस्टने त्यांचे नाव घातले होते. ते स्वतः पॅन फ्लोअरवर आले. आमच्या कारखान्यात शेतकी अधिकारी पॅनची काच पाहायला आल्याचे मला आठवत नाही. त्यांनी दाणा पाहिला, आणि संध्याकाळपासून चिटबॉयने (फडातल्या तोडणीची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने) गाडीच्या स्लिपवर तोडणीची तारीखच नव्हे, तर वेळही लिहायला सुरुवात केली. ताईंनी तोडणी ते काटा हा अवधी यार्डातल्या फलकावर आणला. कालपासून दाणा सुधारतो आहे.

११ डिसेंबर

मंजूर झालेले तीस दिवस गाळप सुरू झाल्यापासून, म्हणजे ३ नोव्हेंबरपासून, धरले तर संपले होते, पहिल्या सी पॅनपासून धरले तर चार दिवस उरले आहेत. वित्त विभागाने दुसरा हिशेब मान्य केला याची कृतज्ञतेने नोंद करतो. तरीही काल रात्री अण्णा तापाने घरी होते आणि मुलगा एकटाच होता.

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी शेजारचा पॅन जोडला गेला. ऑगस्टमधल्या आलेखावरून बसवलेली सूचना वाजली, म्हणजे निर्वात घसरायला लागल्याचे त्याला काचेत काही दिसण्याआधीच कळले. त्याने फीड थांबवले, नोंद उघडली, आणि तळाचा क्रमांक पाहून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी अंथरुणातून विचारले, “काच दिव्यासमोर धर. आणखी तिरपी. तार कशी आहे?” मुलाने तार ओढून सांगितले. फोनवर तार दिसत नाही. त्याच्या सांगण्यावर अण्णांनी विश्वास ठेवला. पाणी किती वेळ द्यायचे ते दोघांनी बोलून ठरवले. पॅन वाचला.

सूचना यंत्राची, हात मुलाचा, निर्णय दोघांचा. सूचना वाजली नसती तर उशीर झाला असता. पंधरा नोव्हेंबरपासून दोघे एकत्र उभे राहिले नसते, तर फोनवरच्या ‘पांढरी झालीय’ या दोन शब्दांवर अण्णांना काहीच ठरवता आले नसते.

२० डिसेंबर

आजवर ६४ नोंदी कायम झाल्या, ११ पॅनमननी परत पाठवल्या. परत पाठवलेल्यांपैकी चार माझ्या हातच्या होत्या. त्यांत पॅनमनच्या शब्दांऐवजी माझे शब्द आले होते. व्हॉट्सॲप गट चालू आहे आणि दर रविवारी त्यातले दोन-तीन प्रसंग निवडण्याचे काम दुसऱ्या पाळीच्या पॅनमननी आपणहून घेतले आहे.

अण्णा आज खोट्या दाण्याची आपलीच जुलैमधली नोंद बदलायला बसले. पॅन जोडण्याआधी शेजाऱ्याला हाक मारण्याची ओळ त्यांनी सर्वांत वर घातली. तळाच्या रकान्यात पहिले नाव मुलाचे टाकायला सांगितले आणि दुसरे स्वतःचे. ताईंनी विचारले, “पुढच्या हंगामातही तुमचा नंबर ठेवू ना?” अण्णा म्हणाले, “ठेवा. पण त्याला आधी लावू द्या. त्याने नाही उचलला तर मला.”

दुसऱ्या जोडीचा प्रस्ताव, बी पॅनवर जानेवारीत २० दिवस, उद्या सकाळी वित्त विभागाकडे द्यायचा आहे. सोबत ऑगस्टचा आलेख आणि कालपर्यंतच्या अंतिम मळीच्या प्युरिटीचा तक्ता जोडतो.